पौषात मेंढ्या कातरत नाहीत

ते स्वेटर पोपटी होतं. इतकं पोपटी, की तलावावरच्या धुक्यात आधी तो रंग दिसला आणि त्याच्या आत एक बाई आहे हे मागाहून कळलं. आजही तो हिवाळा आठवायला बसले की सगळं त्याच क्रमाने येतं. आधी पांढरं, ओलं, हळूहळू श्वास घेणारं धुकं. मग त्यात तरंगणारा पोपटी ठिपका. आणि मग पाण्याने सुरकुतलेली काळी बोटं, एकेक बटण सोडणारी.

गाव नागभीडच्या अलीकडचं. दोन हजार साल यायचं होतं. मी बावीस वर्षांची होते, घुग्घुसला राहत होते आणि मला सगळं माहीत होतं.

आम्ही सात जण होतो. कॉलेज संपलेलं, नोकरी नाही, आणि डोक्यात राग. राग चांगला होता, तो अजूनही आहे. आम्ही पत्रकं काढायचो, पिवळ्या कागदावर, कारण छापखान्यात तोच कायम शिल्लक असायचा. त्या हिवाळ्याचं पत्रक मी लिहिलं होतं. मथळा: ‘अंगावर प्लॅस्टिक घालू नका!’ खाली लिहिलं होतं की स्वेटर म्हणून बाजारात जे मिळतं ते लोकर नाही, जमिनीतून उपसलेल्या तेलाचा धागा आहे. तो मातीत कुजत नाही. विस्तवाजवळ गेला तर वितळतो आणि कातडीला चिकटतो. मेंढीची लोकर मात्र कापली की पुन्हा येते, मेंढीला इजा होत नाही, जुनी झाली की मातीची माती होते. यातलं एकही वाक्य मी आजही मागे घेणार नाही. मागे घ्यावं लागलं ते वेगळंच.

मला चीड कशाची होती, सांगते. दिवाळी झाली की चंद्रपूरला रस्त्याच्या कडेने स्वेटरांचे डोंगर उभे राहायचे. लाल, जांभळे, चमकणारे, हात लावला की चटचट ठिणग्या उडणारे. आमच्या या झाडीपट्टीत मेंढ्या आहेत, चालता चालता सूत कातणारी माणसं आहेत, घोंगडी विणणारे माग आहेत, आणि आम्ही थंडीत काय घालतो, तर कुठल्याशा कारखान्याचा गाळ, वर ‘प्युअर वूल’ अशी चिठ्ठी शिवलेला. ही लबाडी आहे, आणि ती गरिबाच्या अंगावर चढवली जाते, असं मी भाषणात म्हणायचे. टाळ्या पडायच्या. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या अंगावर तीच स्वेटरं असायची.

त्या गावात आमची सभा मार्गशीर्षात झाली, सकाळची, शाळेच्या पटांगणात. उजाडताना तलावाकडून येत होतो तेव्हा धुक्यात, पाण्यावर, एक पोपटी ठिपका हलताना दिसला होता. ऊन अजून कोवळं होतं, धानाच्या कापलेल्या शेतांवरून वाफ उठत होती, आणि माणसं भिंतीला पाठ टेकून, डोळे अर्धे मिटून बसली होती. ऐकत होती की ऊन खात होती, सांगता येत नव्हतं. मी बोलले. मग आम्ही ठरवलं होतं तसं विचारलं, “आज इथे आपलं नकली स्वेटर कोण सोडून देणार?”

कुणी हललं नाही.

“सोडून मंग काय घालाव?” मागून एक म्हातारी म्हणाली. “तुहं पत्रक?”

पटांगण हसलं. माझे कान तापले. मी म्हणाले, “लोकरीचं स्वेटर देऊ. अस्सल. तुमच्याच भागातल्या मेंढ्यांचं. पंधरा दिवसांत.”

“पंधरा दिवसांत तं कोंबडीचं अंडं बी फुटत नाई वो बाई,” म्हातारी म्हणाली. पुन्हा हशा.

तेव्हा तिच्या शेजारची बाई उठली. म्हातारीची सून. ढिवराचं घर, म्हणजे तलावातल्या मासोळीवर जगणारं. ती रोज उजाडताना कमरेएवढ्या पाण्यात उतरून हातजाळ्याने झिंगे धरायची, बारीक, काचेसारखे, आणि दुपारपर्यंत ते वाळत घालायची. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त एवढं दिसलं की कुणीतरी उठलं. ती पुढे आली, पोपटी स्वेटरची बटणं सोडली, घडी घातली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

“माह्यं घे,” ती म्हणाली. “पण पौषात गजब हिव राह्यते पान्यात. तवापर्यंत आनजो.”

स्वेटर तिच्या अंगाने अजून ऊबदार होतं. मी ते छातीशी धरून एसटीत बसले. मूल गाव येईपर्यंत ते गार झालं होतं.

मग मी काय केलं, तेही लिहायला हवं. आठवड्याभराने एका शाळेत आमचं प्रदर्शन होतं. मला पुरावा हवा होता, डोळ्यांना दिसणारा. मी ते स्वेटर कात्रीने कापलं. पाठीचा एक मोठा चौकोन, एक बाही, गळपट्टी. तिन्ही पुठ्ठ्यावर टाचण्यांनी लावली आणि खाली काळ्या शाईने लिहिलं: ‘हे खनिज तेल आहे.’ ‘हे शंभर वर्षांनीही असंच असेल.’ शंभर हा आकडा मी अंदाजाने टाकला होता. पोरी रांगेने येऊन बोट लावून बघत होत्या. मला त्या दिवशी वाटलं, काहीतरी घडतंय. खरंच घडत होतं. एका बाईच्या अंगावरचं एकमेव गरम कापड मी भिंतीला टाचलं होतं.

एकमेव आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. विचारलंच नव्हतं.

लोकर आणायला मी सिंदेवाहीच्या पुढे गेले, एकटीच. धान निघाल्यावर कुरमार आपल्या मेंढ्या घेऊन शेताशेतांत बसवतात. कुरमार म्हणजे आमच्याकडचे मेंढपाळ. मेंढ्या रात्रभर शेतात बसतात, त्यांच्या लेंड्यामुताने जमीन पिकते, शेतकरी त्यांना धान देतो. अशाच एका बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या शेतात, मला एक कळप सापडला. सकाळी नऊचा सुमार. धुकं अजून जमिनीपासून हातभर वर होतं आणि त्यातून नुसत्या पाठी दिसत होत्या, काळ्या, तपकिरी, राखी, जणू जमीनच गोळे होऊन हळूहळू सरकत होती. एक म्हातारा कुरमार त्यांच्यामध्ये उभा राहून टकळी फिरवत होता. खांद्यावर लोकरीचा पुंजका, हातातून धागा निघत होता आणि धुक्यात शिरत होता. मी कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. पत्रकात मी जे जे लिहिलं होतं ते सगळं माझ्यासमोर उभं होतं, जिवंत, लेंड्यांच्या वासासकट.

“भाऊ, लोकर पाहिजे,” मी म्हणाले. “बरीच. स्वेटरांसाठी.”

“होळीपाशी या.”

“नाही, आत्ता पाहिजे. या आठवड्यात.”

टकळी थांबली. त्याने माझ्याकडे पायापासून वरपर्यंत पाहिलं. मग जवळच्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवला आणि बोटं तिच्या केसांत रुतवली, जेमतेम पहिल्या पेरापर्यंत.

“हे पाह्य,” तो म्हणाला. “दिवाळीच्या पयले कातरलं. आता कोठी जराशी वाढून राह्यली. पौष लागून राह्यला. या हिवात मेंढीले नंगी करू का तुह्यासाठी?”

मी त्या मेंढीच्या पाठीकडे पाहिलं.

“मरते ना थे. रातभर उघड्यावर बसते.”

“पण मेंढीला इजा होत नाही लोकर कापल्याने,” मी म्हणाले. माझ्याच पत्रकातलं वाक्य. त्या शेतात ते किती लहान ऐकू आलं.

“कवा कापाव ते समजलं तं नाई होत,” तो म्हणाला. रागाने नाही. जणू मला वाट सांगत होता.

मी खांद्यावरच्या पुंजक्याकडे बोट दाखवलं. तेवढं तरी? तो हसला. ते त्याच्या पोरीच्या लग्नाच्या घोंगड्याचं सूत होतं. कातरलेल्यातलं उरलंसुरलं. तरीही त्याने धाग्याचा एक तुकडा तोडून माझ्या हातावर ठेवला. नारळाच्या काथ्यासारखा राठ.

“याचं सुटर घातलं कोनी तं अंग सोलून निघन. हे पांघराले असते, घालाले नाई. कोनं सांगतलं तुले?”

कुणी सांगितलं नव्हतं. मी शहाण्यासारखं ठरवून टाकलं होतं. मेंढी म्हणजे लोकर, लोकर म्हणजे स्वेटर. पावलापावलावर मेंढी दिसणाऱ्या मुलखात जन्मून मला ती कधी कातरतात एवढंही माहीत नव्हतं. ज्या दयेवर मी भाषणं करत होते, ती दया हा माणूस बोटांनी मोजत होता, पेरापेराने.

परत येताना मी चंद्रपूरला उतरले आणि बाजारात गेले. म्हटलं, विकतची का होईना, खऱ्या लोकरीचे गुंडे मिळतील. तीन दुकानं झाली. प्रत्येक गुंड्यावर चिठ्ठी होतीच. तिसऱ्या दुकानात मी एक धागा तोडला आणि पर्समधली काडी ओढली. लोकर जळली तर केस जळल्यासारखा वास येतो आणि चिमटीत राख चुरते. हा धागा आकसला, थेंब झाला आणि टेबलावर टपकला. काळा, कडक मणी.

“दुकान जाळता का म्याडम?” दुकानदार ओरडला.

“याला लोकर म्हणता?”

“चिठ्ठीवर लिहिलं हाये ना! मी थोडी मेंढी हाये!”

एरवी मी तिथे पाऊण तास भांडले असते. त्या दिवशी मला तो हिरवा चौकोन आठवत होता, पुठ्ठ्यावरचा.

पौष लागला तेव्हा मी गावात गेले. बोलावलं नव्हतं कुणी. पण पंधरा दिवस होऊन वर आठ दिवस गेले होते आणि मला झोपेत पाणी दिसायला लागलं होतं, नुसतं पाणी, राखी, काठ नसलेलं. एसटीतून उतरून मी तलावाच्या पाळीवर चढले. उजाडलं होतं, पण सूर्य कुठे आहे ते कळत नव्हतं. पाण्यावर धुकं उभं होतं आणि धुक्याच्या आत कुणीतरी चालत होतं, हळूहळू, पाण्याला न दुखवता. या वेळी आधी कुठला रंग दिसला नाही. आधी खोकला ऐकू आला.

ती बाहेर आली. जुनं लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, अंगात आखूड बाह्यांचं पोलकं आणि त्यावर रिकामं पोतं दोरीने बांधून केलेला एक आडोसा. हातजाळ्यात झिंगे उड्या मारत होते, पारदर्शक. ती थरथरत नव्हती. थरथरून झाल्यावर माणूस जसं शांत होतं, तशी ती शांत होती.

“आली का?” ती म्हणाली. “आन.”

“मावशी, लोकर नाही मिळाली.”

तिने हातातलं जाळं झटकलं.

“मंग माह्यं वापस दे,” तिने म्हटलं. “तेच घालतो. होळीनंतर ने तुले लागन तं.”

मला ते सांगायला किती वेळ लागला कोण जाणे. धुक्यात वेळेला माप नसतं. सांगितलं मी. कापलं म्हणून. शाळेत लावलं म्हणून. ती माझ्याकडे बघत राहिली, जसं एखादं लहान मूल काहीतरी अगदी निरर्थक सांगतं तेव्हा आपण बघतो.

“कापलं?” ती म्हणाली. “चांगलं होतं ना थे.”

घरी नेलं तिने मला. परसात तिच्या सासूने आगटी पेटवली होती, वाळक्या काड्यांची. म्हातारीने मला ओळखलं आणि तोंड भरून हसली. “फुटलं का वो अंडं?”

मला रडू आलं. मला रडू आलं की मी चिडते. मी म्हणाले, “मग दिलंत कशाला? तुम्हाला पटलं नव्हतं तर द्यायचं नव्हतं! मी जबरदस्ती केली होती का?”

सून आगटीत काडी सरकवत होती. “पटलं नाई तं काय झालं,” ती म्हणाली. “तू एवढ्या दुरून आली. घसा बसेपर्यंत बोलली. कोनी उठूनच नाई राह्यलं. गावात आलेली पोर रिकाम्या हातानं पाठवाव का? बरं नाई दिसत.”

एवढंच. तिने मला स्वेटर दिलं होतं जसं दारी आलेल्याला कुणी पसाभर तांदूळ देतं. माझ्या विचाराला नाही, माझ्या विचाराचा त्यात काही संबंधच नव्हता. आणि मी त्या देण्याचे तुकडे करून त्याच्याखाली वाक्यं लिहिली होती.

म्हातारी म्हणाली, “आमच्या घरी एक घोंगडं हाये. पन थे पांघरून जाळं नाई धरता येत. नाई तं देलं असतं इले.”

मी उठले. “आठ दिवस द्या मला,” मी म्हणाले.

“पुन्हा?” म्हातारी म्हणाली.

घुग्घुसला आमच्या घरात एक पत्र्याची पेटी होती, गाद्यांच्या खाली. आईला मी सगळं सांगितलं. ती भाजी निवडत ऐकत होती. तिने मला रागवावं अशी माझी इच्छा होती, पण ती उठली, गाद्या उतरवल्या, पेटी उघडली आणि तळातून एक करडं, जड स्वेटर काढलं. बाबांचं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिने विणलेलं, बाबा खाणीत नवे लागले होते तेव्हा. मोटारसायकलवर पहाटेच्या पाळीला जाताना ते हेच घालायचे. आता मात्र ते पडूनच असायचं.

“हे खरं हाये का पाह्य,” आई म्हणाली.

मी स्वेटरच्या काखेतून एक तंतू काढला आणि गॅसवर धरला. केस जळल्याचा वास आला. तो लगेच विझला आणि माझ्या बोटांत त्याची भुकटी झाली. मी आईकडे पाहिलं.

“तेव्हा मिळत होती,” ती म्हणाली. “आता मीच नाही आणत. धुवाले सोपं पडते ते दुसरं.”

माझ्या घरात. माझ्या पत्रकाच्या मथळ्याखाली माझी आई बसली होती, आणि मी कधी तिला विचारलंही नव्हतं.

“बाबांना?”

“सांगन मी. उसव.”

ती दुपार मला एखाद्या लांब, ऊन पडलेल्या स्वप्नासारखी आठवते. खांद्याची शिवण सोडली, टोक सापडलं, आणि मग ते स्वेटर मागे मागे जायला लागलं. ओळीमागून ओळ, जसा कुणी बोललेला शब्द परत घेत असावा. आई टोक ओढत होती, मी दोन हात पसरून बसले होते आणि माझ्या हातांवर लडी जमत होती, कुरळी, नागमोडी, जिथे जिथे टाका होता तिथे तिथे त्याचा आकार धरून. आई मधूनच म्हणायची, “हे इथी चुकलं होतं माह्यं. तुह्या बापानं कधी पाह्यलं बी नाई.” बाहेर ट्रक जात होते, कोळशाने भरलेले, भांडी हलत होती, आणि आम्ही दोघी बावीस-तेवीस वर्षं मागे चाललो होतो.

मग लड्या रिठ्याच्या कोमट पाण्यात टाकल्या. पाणी काळं झालं. ओतलं, पुन्हा घातलं. पुन्हा काळं. चौथ्या पाण्याला ते निवळलं आणि आई बादलीत वाकून बघतच राहिली. लोकर करडी नव्हतीच. मोतिया होती. घुग्घुसच्या कोळशाची इतकी वर्षं त्या स्वेटरात बसली होती, पहाटे पहाटे, आणि मी त्याला रंग समजत होते; विणणारी आईही मूळ रंग विसरली होती.

लड्या दोरीवर टांगल्या, खाली पाण्याचे तांबे अडकवले वजनाला, म्हणजे कुरळेपणा जाईल. बाबा पाळीवरून आले, डोक्यावरचं हेल्मेट काढलं, दोरीखाली थांबले आणि त्या ओल्या, मोतिया लोकरीला हात लावला.

“हे काय?”

“तुमचं स्वेटर,” आई म्हणाली.

त्यांनी एक लडी उजेडाकडे फिरवली. “असं होतं व्हय,” म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

मला विणता येत नव्हतं. आईने सुया दिल्या आणि दोन संध्याकाळी शिकवलं, एक सुलट, एक उलट. वीतभर झालं तेव्हा त्यात तीन भोकं होती. आठ दिवसांतले पाच गेले होते. मी गुंडे, सुया आणि ती वीतभर लाज पिशवीत भरली आणि गावात गेले. म्हटलं, तिथे बसून विणीन. तिच्यासमोर.

ती परसात झिंगे वाळत घालत होती. मी ओट्यावर बसून विणायला लागले. ती येता-जाता बघत होती. शेवटी हात पुसून आली आणि माझ्या हातातून ते ओढून घेतलं.

“हे काय करून राह्यली? जाळं हाये का हे?”

तिच्या घरात सगळ्यांना जाळं विणता यायचं. ती जाळ्यासाठीच बसल्यासारखी बसली, पाय लांब करून, टोक अंगठ्यात अडकवून. मी दाखवलं, असं घाल, असं काढ. दुसऱ्या ओळीला तिचा हात माझ्या हातापुढे गेला. बोटं आधीच सगळं जाणत होती, फक्त त्यांना नवीन धागा मिळाला होता. मी सांगायचं बंद केलं.

मग एकदम ती थांबली. तिने टोक ओढून पाहिलं होतं. अर्धी ओळ सर्रकन् उसवली.

“हे काय वो?” ती घाबरून म्हणाली. “गाठ कोठी हाये याले?”

“गाठ नसते. विणकामात गाठ मारत नाहीत.”

“एक धागा तुटला तं सगळंच जाते?”

“जपून वापरायचं.”

“जपून?” तिने सासूकडे पाहिलं. दोघी हसायला लागल्या, खोकत खोकत. “पान्यात काटे राह्यते, बेशरमाचे खुंट राह्यते. जाळ्याचा एक डोळा फाटला तं एकच फाटते, बाकीचं धरून राह्यते. आन तुमी शिकले-सवरलेले लोक अंगात असं घालता, एका धाग्यावर!”

मी म्हणाले, गाठी मारल्या तर ते बरोबर दिसणार नाही, टोचेल, लोकर जास्त लागेल, आईनेही तसंच शिकवलंय. ती ऐकत होती आणि विणत होती. चार ओळी झाल्या की काठाला जाळ्याची गाठ. पुन्हा चार ओळी, पुन्हा गाठ. लहान, घट्ट, दाताने ओढलेली. मी तोंड मिटलं. त्या दिवसांत मी एवढी एकच गोष्ट बरोबर केली असेन.

तीन दिवस मी तिथेच राहिले. पहाटे ती पाण्यात जायची, मी पाळीवर बसायचे आणि तिच्या खोकल्यावरून ती कुठे आहे ते ओळखायचे. उन्हं वर आली की ओटा, सुया, आगटी, म्हातारीची बडबड. मी गुंडा उलगडत द्यायचे. एवढंच माझं काम. सुयांचा आवाज, वाळणाऱ्या झिंग्यांचा खारट वास, मधूनच येणारी पेंग. मला वाटायचं, सगळा पौषच कुणीतरी त्या मोतिया धाग्याने विणतंय आणि आम्ही त्याच्या आतल्या बाजूला बसलोय. कुणी मला पत्रकाबद्दल विचारलं नाही. मीही काढलं नाही.

गाठींनी लोकर खाल्लीच. दोन्ही बाह्या कोपरापर्यंत आल्या आणि गुंडा संपला. मला वाईट वाटलं. मी म्हणाले, घरी अजून बघते, कुठूनतरी आणते.

“काऊन?” ती म्हणाली. “हात पान्यातच राह्यते. लांब बाह्या नुसत्या भिजते. बरंच झालं.”

संक्रांत दोन दिवसांवर होती. सकाळ होती, नेहमीपेक्षा जास्त गार. तलाव दिसतच नव्हता. ती शेवटची शिवण घालत होती, चुलीपाशी, आणि हातजाळं दाराशी टेकवलेलं होतं. शिवण झाली. तिने दोरा तोडला आणि स्वेटर उलटंपालटं करून पाहिलं, प्रत्येक गाठीवर अंगठा फिरवत. मग डोक्यातून घातलं. ते अंगाला घट्ट बसलं. काठ थोडा वाकडा होता.

मी विचारलं, “टोचतं का?”

“टोचते ना.” ती खांदे हलवून बघत होती. “टोचन नाई तं समजन कसं, हाये म्हनून.”

म्हातारीने बसल्या जागेवरूनच हात पुढे केला आणि तिच्या पाठीवर ठेवला. तसाच ठेवला. “गरम हाये वो,” ती म्हणाली, आश्चर्याने, जणू कुणी खोटं बोललं नव्हतं हे तिला आत्ता कळलं.

मी जाळं उचलून तिच्याकडे दिलं. तिने ते घेतलं, दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावर थांबली. बाहेर धुकं दाराला टेकलं होतं. तिने ते थोडा वेळ पाहिलं. मग जाळं पुन्हा भिंतीला लावलं, आत आली आणि चुलीकडे पाठ करून बसली. कोपरापर्यंतच्या बाह्यांत तिने आपले हात एकमेकांत घेतले आणि डोळे मिटले.

“काऊन, जात नाई का?” सासू म्हणाली. “बरं नाई का तुले?”

“बरं हाये,” ती डोळे न उघडता म्हणाली. “आज नाई जात पान्यात. आज नुसती घालून बसतो.”